मामांच्या तोंडावरचा गुलाब

८ जानेवारी २००७, सोमवार

आत्या बेल्ह्याहून आल्या त्या थेट कॉम्प्युटरपाशी. चपलासुद्धा काढल्या नाहीत. म्हणाल्या, "अश्विनी, सयाला परत घाल."

मला कळेचना. कुठं घालू? तर म्हणतात, "सीडीत. जसा काढला तसा घाल."

सया म्हणजे सयाजीमामा, आत्यांचे — माझ्या सासूबाईंचे — पाठचे भाऊ. घशाचं दुखणं निघालंय. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं — घरी न्या. आवाज तर केव्हाच गेलाय. साडेतीन वर्षांनी आज आत्या त्यांच्या उंबऱ्याला गेल्या, तर मामांनी भिंतीकडं तोंड केलं. लंकामामीनं आत्यांना बाहेर ओट्यावर आणलं नि म्हणाली, "वन्सं, त्यांना बाकी कशाचं न्हाई, त्या सीडीचं लई लागलंय. वैजूच्या सासरी सगळ्यांम्होरं लावली व्हती. ह्यांच्या तोंडावर गुलाब फिरत व्हता."

तो गुलाब मी फिरवला.

९ जानेवारी

लिहून काढते. लिहिलं की डोकं जरा ताळ्यावर येतं.

वैजू माझी नणंद. तिचं लग्न मे २००३ला इथंच, अवसरीत झालं. शूटिंग मी केलं, माझ्या कॅमेऱ्यावर. लग्नाआधी मी मंचरला स्टुडिओत मिक्सिंग करायचे, त्यामुळं घरात भाव होता. "आमची सून सीडी काढती" असं आत्या बाजारभर सांगायच्या.

मुलीला मामानं बोहल्यावर आणायचं आणि मंगलाष्टकं संपेस्तोवर तिच्या पाठीशी उभं राहायचं — ही रीत. मामा उभे राहिले, वैजूच्या खांद्यावर हात ठेवून. उजव्या हाताचं मधलं बोट अर्धं आहे त्यांचं, कडबाकुट्टीत गेलेलं. पण त्याआधी माइकवर सत्कार चालले होते ना. आमच्याकडं लग्न राहतं बाजूला, सत्कार आधी. पुढाऱ्यांची नावं झाली, सोसायटीच्या चेअरमनचं झालं, खताच्या दुकानदाराचंसुद्धा झालं. मुलीच्या मामाचं राहिलं. टॉवेल-टोपी-नारळ ताटात तसंच. नावांची चिठ्ठी आमच्या ह्यांच्या खिशात होती — गोरखरावांच्या! — पण ती चूक आजवर कुणी काढली नाही.

मामा अक्षता पडेपर्यंत हलले नाहीत. मग न जेवता उठले. पाठवणीला कुणाला दिसले नाहीत. आत्या तिथंच चाळीस बायकांत मोठ्यानं बोलल्या, "पोरीला वाटंला लावायला थांबला न्हाई. मेला तो मला."

तिसऱ्या दिवशी मला हुकूम — सीडीतनं काढ त्याला.

काढायचा कसा? सगळ्या मंगलाष्टकांत मामा पोरीच्या पाठीशी. मग मी चित्र मोठं केलं. दुप्पट, मग तिप्पट. इतकं, की फ्रेममध्ये नुसतं वैजूचं कपाळ नि मुंडावळ्या राहिल्या आणि मामा कडेनं बाहेर गेले. चित्र फाटलं. वैजूचं नाक म्हणजे चार चौकोन! आणि जिथं मोठं करूनही मामा जाईनात तिथं इफेक्टमधला फिरता गुलाब आणून तोंडावर चिकटवला.

तेव्हा मला काय अभिमान वाटला होता त्याचा. आज त्या हातावर फुकणी मारावीशी वाटते.

११ जानेवारी

आज आत्यांनी विचारलंच. "मूळ कॅसेट कुठं हाय?"

मी म्हणाले, बुरशी लागली होती, टाकून दिली. मागंही एकदा हेच सांगितलं होतं, तेच पुढं रेटलं.

खरं काय ते या वहीलाच माहीत असू दे. डिसेंबर २००४ला ओतूरला माझ्या दादाचं लग्न. मंचरच्या दुकानात कोऱ्या कॅसेट संपलेल्या, बस तर पकडायची होती. मी वैजूच्या लग्नाच्या दोन्ही कॅसेट उचलल्या नि दादाचं लग्न त्यांच्यावर घेतलं. सासरचं पुसून माहेरचं. सीडी झाली आहे की, आता कॅसेटचं काय काम, असं वाटलं. पहिली कॅसेट पूर्ण भरली, त्यात मंगलाष्टकं गेली. दुसरी निम्म्याच्या पुढं भरली. तिच्यात पाठवणी होती आणि पाठवणीनंतरचा भाग — त्यावर मी तेव्हाच "पुढे फालतू" अशी चिठ्ठी लावलेली.

दोन्ही माझ्या ट्रंकेत आहेत, शालूच्या खाली.

कॉम्प्युटरमधलं तर व्हायरस आला तेव्हाच साफ झालं. म्हणजे हातात काय — ती फाटकी सीडी. तीवरून मामा आणायचे.

१३ जानेवारी

शार्पनेस वाढवला. वैजूच्या कपाळाचा दगड झाला.

१७ जानेवारी

या आठवड्यात लाइट दहा ते दोन. साडेदहाला मशीनला काम लावलं — चित्रातले दाणे घालवायचं एक सॉफ्टवेअर मिळालंय. तीन तास लागतील म्हणून दाखवत होतं. मी भाकरी केल्या, धुणं केलं, मधेमधे येऊन पट्टी किती सरकली ते बघत होते. दीड वाजता ऐंशी टक्के. पावणेदोनला लाइट गेली. पंधरा मिनिटं आधी! वायरमनला फोन लावला तर म्हणतो, "वहिनी, तुमच्यापरीस कांद्याला पाणी महत्त्वाचं हाय."

दुपारी आत्यांनी विचारलं, "आला का सया?" जणू एसटीनंच यायचेत.

१८ जानेवारी

पूर्ण झालं. दाणे गेले, त्याबरोबर वैजूच्या भुवयापण गेल्या. मेणाची बाहुली दिसते. मामा तर त्यात नव्हतेच. जे कापून टाकलं ते घासून पुसून परत कुठनं येणार? हे मला कळतंय, पण आत्यांना सांगायला तोंड नाही.

२१ जानेवारी, रविवार

राजुरीला वैजूकडं जाऊन आले. आशा ही, की नवरदेवाकडच्यांनी पण शूटिंग लावलं होतं. त्यांची सीडी तिनं काढून दिली, दोघी बघत बसलो.

त्यांचा कॅमेरा नवरदेवाच्या बाजूला. म्हणजे मधे अंतरपाट. सहा मंगलाष्टकं नुसता अंतरपाट बघितला, त्यावरचं कुंकवाचं स्वस्तिक मला आता पाठ आहे. अंतरपाट काढला तर अक्षतांचा पाऊस, आणि नेमकं तेव्हा त्यांच्या शूटिंगवाल्यानं कॅमेरा पुढाऱ्यांकडं वळवला. वळवणारच — सीडी त्यांना पण द्यायची असते.

वैजू म्हणाली, "वहिनी, आपल्या सीडीत एका जागी मामाचा हात राहिलाय. तू काढायचा विसरलीस. मी तिथंच थांबवून बघते कधी कधी." मग म्हणाली, "खांद्यावर होता ना तेव्हा तो हात थरथरत होता. आईला सांगू नको."

मी काय काय सांगू नको? माझ्याकडंच ढीग झालाय.

२५ जानेवारी

नारायणगावला गेले. हे टोमॅटोची खेप घेऊन निघाले होते, मी टेम्पोत पुढं बसले. पारसभाऊंचं दुकान मार्केटच्या रस्त्याला आहे, तालुक्यातली निम्मी लग्नं त्यांच्याकडं मिक्सिंगला येतात. त्यांनी सीडी नीट बघितली. गुलाब बघून हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

म्हणाले, "वहिनी, कॅमेऱ्यानं टिपलेलं थोडं उजळता येतं. पण हे तुम्ही मोठं करून पुन्हा सीडी केली, त्या सीडीवरून दुसरी केली. दर वेळी थोडं थोडं गेलं. चहात पाणी घालत गेलं तर शेवटी पाणीच उरतं ना? मूळ टेप आणा, तासाभरात देतो."

मूळ टेप नाही, मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडं बघितलं. धंद्यातला माणूस, ओळखलं असणार.

मग त्यांनीच सुचवलं — मामांचा एखादा फोटो असेल तर कापून वैजूच्या मागं बसवून देतो. बघण्यासारखं होणार नाही, पण माणूस दिसेल.

आमच्या घरातल्या फोटोंतून आत्यांनी मामा कात्रीनं कापलेत. अल्बममध्ये खिडक्या आहेत नुसत्या.

३० जानेवारी

मामीनं फोटो धाडला. सोसायटीच्या ओळखपत्रावरचा, पासपोर्ट साइज, कडेला अर्धा शिक्का. पारसभाऊंनी बसवून दिला.

वैजू हलते, मुंडावळ्या हलतात, भटजी हलतात. मामा हलत नाहीत. मागं उभे, पापणीसुद्धा लवत नाही, छातीवर सोसायटीचा शिक्का.

आत्यांनी बघितलं. मग म्हणाल्या, "हा तर मेलेला दिसतोय गं."

१ फेब्रुवारी

एक गोष्ट लिहितेच. आत्या रोज म्हणतात सीडी नीट कर, चित्र नीट कर. पण मामांपाशी जाऊन "माझं चुकलं" एवढं म्हणावं, हे त्यांच्या मनातपण येत नाही. काल हे म्हणाले, "आई, नुसती जाऊन बोल की त्याच्याशी." तर फाडकन म्हणाल्या, "बोलायचं काय त्यात? तोच थांबला न्हवता."

आणि मी तरी कुठं बोलते? ट्रंकेचं कुलूप दोनदा बघून आले आज.

५ फेब्रुवारी, सोमवार

बेल्ह्याला जाऊन आलो. बाजाराचा दिवस, जीपमध्ये आम्ही दोघी, पुढं चार व्यापारी, मागं एक कालवड. सीडी आत्यांनी पदरात बांधलेली.

मामा फार वाळलेत. उशाला पोरांची पाटी ठेवलीय, काय हवं ते तिच्यावर लिहितात. आत्या पायथ्याशी बसल्या. मामीनं टीव्ही लावला. मामांनी मान वळवली — आत्यांकडं नाही, टीव्हीकडं.

मी तो राहून गेलेला हात ठेवलाच होता. तो आला तेव्हा मामांनी आपला उजवा हात पांघरुणातून बाहेर काढला नि बघितला. मग तो फोटो आला, शिक्क्यासकट. मामांनी डोळे मिटले. पाटी मागितली. लिहिलं, "हात बरा आलाय. बाकी बंद कर."

आत्या म्हणाल्या, "सया, बघ की माझ्याकडं." त्यांनी पाटी पुसली आणि छातीवर उलटी ठेवली.

येताना जीपमध्ये आत्या म्हणाल्या, "अजून जरा साफ करता येईल का गं?" मी हो म्हणाले.

१२ फेब्रुवारी

सकाळी सहाला फोन आला. सयाजीमामा गेले.

१३ फेब्रुवारी

बैल गेला अन् झोपा केला. कॉम्प्युटरवर कापड टाकून ठेवलंय.

आत्या रडल्या नाहीत. मामीच्या गळ्यातपण पडल्या नाहीत. एका बाजूला उभ्या राहिल्या, लांबच्या पावण्यासारख्या.

२१ फेब्रुवारी

मामांचा दहावा. चार पुढारी आले होते. माइकवर एकेकानं श्रद्धांजली वाहिली. "कैलासवासी सयाजीराव" — अर्धा तास पुकारत होते. लग्नात एकदा पुकारलं असतं तर? ह्यांनी मान खाली घातली होती. नावांची चिठ्ठी आठवली असेल.

मामीनं आत्यांना विचारलं, "वन्सं, त्यांचा एखादा चांगला फोटो हाय का तुमच्याकडं? भिंतीला लावायला." आत्यांनी माझ्याकडं बघितलं. मी नदीकडं.

२७ फेब्रुवारी

आजचं आजच लिहिते.

दादाचा ओतूरहून फोन होता, त्याच्या लग्नाची सीडी खराब झाली, दुसरी करून दे. आत्या नि हे बेल्ह्याला गेलेले, घरात मी एकटी. दहाला लाइट आली. ट्रंकेतून दुसरी कॅसेट काढली, कॅमेरा जोडला नि कॉम्प्युटरवर घ्यायला लावली. टेप जेवढ्या वेळाची तेवढाच वेळ लागतो, म्हणून मी मागं ज्वारी निवडायला बसले.

दादाच्या वरातीचा बँड वाजत होता. मग तो एकदम तुटला. मग बायकांच्या रडण्याचा आवाज आला. मला वाटलं दादाच्या लग्नातलाच. मग एक आवाज आला, "पेटी तिरकी नगं ठिवू रे, आरसा फुटंल पोरीचा."

मामांचा आवाज.

सूप टाकून पळत आले. दादाचं लग्न संपलं होतं आणि त्याच्या पुढं ते उरलं होतं — "पुढे फालतू". पाठवणीला मीपण रडत होते. कॅमेरा बंद न करता खुर्चीवर टाकला होता, तो आडवा पडून चालूच राहिला. मिक्सिंग करताना आडवं चित्र दिसल्याबरोबर मी पुढचं बघितलंच नव्हतं.

वैजूची जीप, मागून. टपावर रुखवताची पेटी. जीपवाला भिका पेटी धरून उभा, आणि मामा दोरी बांधताहेत. डोक्याला टॉवेल, अर्ध्या बोटाचा हात. काय स्वच्छ चित्र! दोरीचा पीळ न् पीळ मोजावा. एक दाणा नाही.

म्हणजे मामा होते. पाठवणीला थांबले होते. जीपच्या मागं.

मग चित्राबाहेरून आत्यांचा आवाज येतो. "पोरीला वाटंला लावायला थांबला न्हाई. मेला तो मला."

मामांचे हात थांबतात. भिका त्यांच्याकडं बघतो. मामा पुन्हा दोरी ओढतात, गाठ मारतात, तीवर आणखी एक गाठ मारतात, हलवून बघतात. टॉवेल काढून तोंड पुसतात, आणि उसाच्या बांधानं निघून जातात. भिका पलीकडच्या गावचा, तो कशाला कुणाला सांगतोय.

तीन वेळा बघितलं. मग लाइट गेली.

२८ फेब्रुवारी

दाखवू का?

दाखवलं तर आत्यांना कळणार, भाऊ दोन हातांवर होता आणि त्यानं ते ऐकलं. चार वर्षं ज्यावर राग धरला ते खोटंच होतं. आता माफी मागायला माणूस नाही. त्या खचतील. त्यात शुगर आहे.

आणि दाखवायचं तर कॅसेट कुठली हे सांगावं लागणार. बुरशी कुठं गेली म्हणतील. सासरचं लग्न पुसून माहेरचं घेतलं, हे माझ्या तोंडानं सांगावं लागणार.

हे दुसरं कारण आधी मनात आलं होतं. लिहिताना खाली लिहिलं.

१ मार्च

आत्यांनी अल्बम काढलाय. कापलेल्या खिडक्यांच्या मागं बोट घालून बसतात. जेवल्या नाहीत.

२ मार्च

दहाला लाइट आली तशी आत्यांना बोलावलं. बुरशीचं खोटं होतं हे आधी कबूल केलं, मग कॅसेट लावली.

चित्र आडवं, म्हणून मान कलती करून बघत होत्या. स्वतःचा आवाज आला तरी हलल्या नाहीत. मामा बांधावरून गेले तेव्हा मी म्हणाले, आत्या, थोडं थांबा, सरळ करून देते.

"नगं. तू आता हात लावू नगं."

मग पडद्याकडं बघतच म्हणाल्या, "दिसला व्हता मला. बोलले आन् मान वळवली तर दोरी बांधीत व्हता. बायका ऐकत व्हत्या गं. मागं कसं घ्यावं?"

आणि म्हणाल्या, पुन्यांदा लाव. लाइट जाईपर्यंत मी लावत राहिले.